संबळ वाजवणारं दुकान

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. आजपासून रोजनिशी लिहायची. शुभांगीला सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी सकाळी फिरायला जायचं ठरवलं ते बायकोला सांगून बसलो, ती अजून विचारते.

तर संकल्प असा. आपलं ऑनलाइन दुकान दिव्यांगांच्या सोयीचं करायचं. तुळजापुरात पहिलं. जिल्ह्यातही पहिलंच असेल. मराठवाड्याचं सवडीने बघू.

कल्पना माझीच. काल व्यापारी मंडळाच्या बैठकीत जाहीर झालं की नवरात्राआधी एका 'दिव्यांगस्नेही ऑनलाइन दुकाना'चा शाल-नारळ देऊन सत्कार करणार. पण माझ्या मनात ते आधीपासून होतं, अक्कामुळे.

अक्का म्हणजे भुवनेश्वरी, माझी थोरली बहीण. तामलवाडीला दिलेली. गेल्या वर्षी शुगरने तिची नजर गेली. आता फोनच तिला सगळं वाचून दाखवतो. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलतो, तेही इतकं भरभर की मला एक अक्षर कळत नाही. तिला कळतं.

दर नवरात्रात ती भवानीची ओटी भरते. खण, नारळ, बांगड्या आपल्याच दुकानातून घ्यायच्या, स्वतः निवडायच्या, पैसे स्वतःचे द्यायचे, हा तिचा नियम. गेल्या नवरात्रात नजर नुकतीच गेली होती, म्हणून मीच सगळं बांधून पाठवलं आणि पैसे घेतले नाहीत. रागावली. म्हणाली, ती तुझी ओटी झाली, माझी न्हाय. मी मनावर घेतलं नाही. बहिणी असं बोलतातच.

यंदा म्हणते, फोनवरनं मी माझी घेईन. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरातच आहे. पंधरवड्यात काम संपेल.

७ ऑगस्ट

समर्थ येऊन गेला. आपली साइट यानेच केली. धाराशिवला असतो. हुशार आहे पण रुक्ष. म्हणाला, मालक, प्रत्येक फोटोच्या मागं एक वाक्य लिहिता येतं. डोळ्यांना दिसत न्हाय, पण फोन ते वाचून दाखवतो. आपल्या एकाही फोटोला ते नाही म्हणे, त्यामुळे न दिसणाऱ्या माणसाला नुसतं "चित्र, चित्र, चित्र" ऐकू येतं. वस्तू कोणती, रंग कुठला, चार शब्द लिहून द्या, मी टाकतो.

चार शब्द! शाळेत निबंधात पहिला येणाऱ्या माणसाला चार शब्द!

शिवानंदच्या साइटची मागची वाक्यं समर्थकडून काढून घेतली. शिवानंद म्हणजे समोरचा. आमच्या दुकानाचं नाव 'बंडप्पा महालिंगप्पा पूजा भांडार', म्हणून त्याने ठेवलं 'श्री बंडप्पा पूजा साहित्य'. त्याच्या आजोबांचंही नाव बंडप्पाच होतं म्हणतो. असेल. त्याच्या खणामागचं वाक्य असं: "खण. हिरवा. काठ लाल. सुती." संपलं. हा माणूस दुकानातही असाच. गिऱ्हाइकाने काही विचारलं की हाय, नाहीतर न्हाय. आंधळ्या माणसाला याच्याकडून कसला आनंद मिळणार?

१० ऑगस्ट

वाक्य तयार झालं. उतरवून ठेवतो.

"आई राजा उदो उदो! सदानंदीचा उदो उदो! सन १९५४ पासून भक्तांच्या अखंड सेवेत असलेले, मूळ, जुने व एकमेव बंडप्पा महालिंगप्पा पूजा भांडार, तुळजापूर, सविनय सादर करीत आहे: मनमोहक खण. आमची कोठेही शाखा नाही."

दोनदा मोठ्याने वाचून बघितलं. देवीच्या वस्तूचं नाव देवीला हाक मारल्याशिवाय कसं घ्यायचं? आप्पा, माझे वडील, शटर उघडतानाही उदो म्हणायचे. आणि शाखा नाही हे सांगणं तर भागच आहे, समोर शिवानंद बसलाय. ज्यांना दिसतं ते पाटी वाचतात. ज्यांना दिसत नाही त्यांना कोण सांगणार? हा समतेचा प्रश्न आहे.

समर्थने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मालक, हे सगळं प्रत्येक फोटोला? म्हणालो, प्रत्येक. कापरापासून परडीपर्यंत. भेदभाव नको.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. अक्का आली. जेवण झाल्यावर तिच्यासमोर उद्घाटन केलं. ती पाटावर बसून बोट फिरवत होती. फोन म्हणाला, उदो उदो. तिने बोट पुढे सरकवलं. उदो उदो. आणखी पुढे. उदो उदो. तीन वस्तूंचं 'शाखा नाही'पर्यंत ऐकलं आणि फोन उशीखाली घातला.

म्हणाली, मल्ल्या, खण कुठं हाय? म्हणालो, आहे की, पुढे आहे. म्हणाली, रंग कुठला? म्हणालो, मनमोहक. म्हणाली, मनमोहक म्हंजी हिरवा का लाल?

सूचना चांगली आहे. म्हणजे तिला आणखी वर्णन हवंय. वाढवतो.

शुभांगी रात्रीची भांडी लावताना म्हणाली, अहो, आवडलं म्हणून कुणी फोन उशीखाली घालत न्हाय. तिला साहित्यातलं फारसं कळत नाही.

२२ ऑगस्ट

रंगांचं काम पूर्ण. हिरव्या खणाला असं लिहिलं: "येडशीच्या रामलिंगाचा डोंगर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जसा दिसतो, तो रंग." समर्थने विचारलं, म्हंजी हिरवाच ना? म्हणालो, नुसतं हिरवा लिहिलं तर शिवानंदमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला.

कुंकवाच्या रंगावर दोन दिवस गेले. अजून मनासारखं जमलेलं नाही.

२३ ऑगस्ट, दुपार

मनात आलं, आपण स्वतः अनुभव घेतला पाहिजे. डोळ्यांना शुभांगीची ओढणी बांधली, फोनची बोलायची सोय चालू केली आणि स्वतःच्याच दुकानात शिरलो. म्हणजे शिरणार होतो. फोन उघडेचना. एकदा टिचकी मारली की नुसता बोलतो, दोनदा मारावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं. ओढणी सोडल्यावरही बोलणं बंद होईना. दुपारभर फोन घड्याळ सांगत राहिला. शेवटी समर्थने येऊन बंद केला.

निष्कर्ष: अंध लोकांना सवय असते, मला नाही. म्हणून हा प्रयोग धरायचा नाही.

२६ ऑगस्ट

आज मोठी कल्पना सुचली. अंघोळ करताना.

ज्याला दिसत नाही त्याला आपण तुळजापुरात आलोय हे कशावरून कळतं? संबळावरून! मग साइट उघडताक्षणी संबळ वाजला पाहिजे. आपोआप. ओळखीच्या गोंधळ्यांना बोलावून दुकानातच रेकॉर्डिंग केलं. बाजूच्या लॉजवाल्याने दोनदा माणूस पाठवला, पण कलेला असा त्रास होतोच.

समर्थ म्हणाला, थांबवायचं बटण तरी ठेवा. मी विचारलं, देवीच्या दारात संबळ थांबवायचं बटण असतं का? शेवटी त्याच्या समाधानासाठी एक ठेवलं. बटणावर शब्द नाही, संबळाचं सुंदर चित्र आहे. त्या चित्राच्या मागचं वाक्य लिहायचं राहिलंय. उद्या लिहितो.

३० ऑगस्ट

आप्पांचा नियम होता, गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी विचारायचं: कुठलं गाव? कुणाच्या घरचे? मग पाणी द्यायचं, मग माल दाखवायचा. ऑनलाइनमध्ये हीच माणुसकी हरवली. म्हणून आता पहिल्याच पानावर दोन्ही प्रश्न येतात. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाण्याचं काय करावं ते अजून सुचलेलं नाही.

समर्थला पसंत नाही. पण त्याला पगारी माणसाची नजर आहे, मला दुकानदाराची.

४ सप्टेंबर

मंडळाची समिती दुकान बघायला येणार म्हणे. दिव्यांगस्नेही म्हणजे उतार पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. ऑनलाइन दुकानाला उतार कुठे करायचा हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही. म्हणून जिथे कॉम्प्युटर आहे त्या खोलीच्या दाराशी सिमेंटचा केला. जागा कमी, त्यामुळे जरा उभा झाला.

संध्याकाळी बघतो तर त्यावर शिवानंदची मोटरसायकल. मी म्हटलं, अरे, हा दिव्यांगांसाठी आहे. म्हणाला, बरं. आणि गाडी तिथेच ठेवून चहाला गेला.

९ सप्टेंबर

कष्टाचं चीज झालं! समर्थने दुकानात कोण आलं, किती वेळ थांबलं, काय घेतलं हे बघायची सोय करून दिलीय. आज एकजण आले. पाऊण तास थांबले! शिवानंदच्या साइटवर माणूस दोन मिनिटंही थांबत नसेल.

गाव: तामलवाडी. 'कुणाच्या घरचे' या रकान्यात लिहिलंय: 'माणसांच्या'.

मी मोठ्याने हसलो. काय विनोदबुद्धी! नक्की निवृत्त शिक्षक असणार. खरेदी काही केलेली नाही. पण पाऊण तास माझं लेखन ऐकत बसले, ही किती मोठी गोष्ट आहे.

शुभांगीला दाखवलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती, मग माझ्याकडे. म्हणाली, तामलवाडीत आपलं कोण कोण ऱ्हातंय वो? म्हणालो, अक्का, पण अक्का असती तर नाव लिहिलं असतं. शुभांगी भाजी निवडायला गेली.

१२ सप्टेंबर

गुरुजी आता रोज येतात. (मी त्यांना गुरुजीच म्हणतो.) आज तासाच्या वर. खरेदी नाही. रसिक माणसाला घाई नसते.

त्यांच्यासाठी उदबत्तीच्या वर्णनात दोन वाक्यं वाढवली.

१६ सप्टेंबर

अक्काला फोन केला. विचारलं, साइट बघतेस का? म्हणाली, बघतीया की, रोज. म्हणजे तामलवाडीत आता दोघं झाले.

म्हणाली, मल्ल्या, ते संबळ बंद कुठनं व्हतंय? म्हणालो, सवय होईल. म्हणाली, फोन काय बोलतोय ते संबळात कळंना रं. म्हणालो, आवाज मोठा कर. म्हणाली, केला, मग संबळ बी मोठा झाला.

हे मात्र खरं आहे. तांत्रिक अडचण. समर्थला सांगायचं.

मी म्हटलं, अक्का, तुला काय पाहिजे ते सांग, मी पाठवून देतो, कशाला त्रास घेतेस? म्हणाली, सांगायचं असतं तर गेल्या सालीच न्हवतं का जमलं? आणि फोन ठेवला. शुगरमुळे चिडचिड होते.

१७ सप्टेंबर

समर्थला सांगायचं राहिलं.

२० सप्टेंबर

शिवानंदने कवड्यांच्या माळेचा भाव माझ्या बरोबरीने आणला. साइटवर बघूनच. विचारलं तर म्हणतो, बघितला. चोरी करून वर इतकं शांत कसं राहता येतं?

उपाय केला. पैसे भरायच्या आधी आता एक कोडं येतं. नऊ फोटो, त्यातल्या खऱ्या कवड्या कुठल्या आणि प्लास्टिकच्या कुठल्या ते ओळखून टिचकी मारायची. खरा भक्त ओळखेल. नकल्या अडकेल. समर्थ म्हणाला, मालक, भाव तर कोड्याच्या आधीच दिसतोय. शिवाय ज्याला दिसत न्हाय त्यानं काय करायचं? म्हणालो, न दिसणाऱ्या माणसाला कवडी बोटांनी कळते, तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली. म्हणाला, काचेवर?

मुद्दा विचार करण्यासारखा होता, पण तेवढ्यात जेवायला हाक आली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून देवीची मंचकी निद्रा. घटस्थापनेपर्यंत आई झोपलेली. अशा दिवसांत साइटवर संबळ बडवणं मला तरी बरं वाटेना. समर्थला सांगून बंद करवला. वाक्यांतलं उदो उदोही काढायला लावलं, ती हाकच असते. तो इतक्या तत्परतेने कधी काम करत नाही. मूळ, जुने, एकमेव हेही त्याने त्याच फटक्यात काढलं. म्हणाला, चुकून गेलं. 'आमची कोठेही शाखा नाही' मात्र मी राहू दिलं. त्याने कुणाची झोप मोडत नाही.

साइट अगदी ओकीबोकी झालीय. ऐकवत नाही.

२५ सप्टेंबर

आश्चर्य! गुरुजींनी पिशवी भरली! रामलिंगाच्या डोंगराच्या रंगाचा खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू. थेट पैसे भरायच्या पानापर्यंत आले. तिथे कोडं. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं, पुन्हा पुन्हा चुकलं. बऱ्याच वेळाने निघून गेले. पिशवी तशीच पडली.

असं का झालं असावं? माझा अंदाज, संबळ नसल्यामुळे त्यांचं मन लागलं नाही.

आणि गुरुजींच्या घरी ओटी आहे, हेही कळलं. बायको धार्मिक असावी.

२९ सप्टेंबर, रविवार

सत्कार झाला! माझाच!

समितीने मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर साइट बघितली. सगळे म्हणाले, काय फोटो आहेत! मागची वाक्यं पडद्यावर दिसत नाहीत, त्यामुळे ती मी माइकवर वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्यानंतर अध्यक्षांनी वेळेअभावी थांबवलं. मग सगळे उतार बघायला आले. मोटरसायकल मी सकाळीच हलवून ठेवली होती.

शाल. नारळ. मी भाषणात म्हणालो, ज्याला काहीच दिसत नाही, त्यालाही माझं दुकान दिसतं. टाळ्या. शिवानंद मागच्या रांगेत होता. नंतर येऊन म्हणाला, चांगलं.

अक्काला बोलावलं होतं. म्हणाली, न्हाय यायची, काम हाय. आली असती तर भाषणात तिचं नाव घेणार होतो. तिला ऐकून बरं वाटलं असतं.

शाल दुकानात, गिऱ्हाइकाला दिसेल अशी खुंटीला लावली.

१ ऑक्टोबर

नवरात्राची गर्दी सुरू. दुपारी शिवानंद आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, हिरवा खण, लाल काठ, सुती, हाय का? त्याच्याकडचे संपले होते. आम्ही समोरासमोर भांडत असलो तरी गर्दीत एकमेकांना माल देतो, ती जुनी पद्धत आहे.

मला काय आनंद झाला! शेवटी माल आमच्याकडूनच. मुद्दाम ढिगातला सगळ्यांत घट्ट विणीचा, गुळेदगुड्डचा खण काढला. लाल दोऱ्याने बांधला, आप्पा मारायचे तशी दुहेरी गाठ मारली. त्याच्या गिऱ्हाइकाला कळू दे चांगला माल कसा असतो.

विचारलं, कुणाला? म्हणाला, ऑनलाइन. विचारलं, कुठलं गाव? म्हणाला, पत्त्यावर असंल की. मी म्हटलं, अरे, तू विचारत नाहीस? म्हणाला, कशाला?

असा धंदा! गिऱ्हाइकाचं गाव न विचारता खण विकायचा!

गुरुजींच्या पिशवीतही असाच खण होता. यंदा हिरव्याला मागणी दिसते. आणखी मागवले पाहिजेत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. आई उठली. सकाळी पहिलं काम, संबळ चालू. उदो उदो परत. मूळ, जुने, एकमेव परत.

गुरुजी पिशवी टाकून गेले ते फिरकलेच नाहीत. काळजी वाटते. वय झालं असेल, आजारी नसोत. उद्या अक्का ओटी भरायला येईल, तिला विचारायचं, तुमच्याकडे कुणी निवृत्त शिक्षक आहेत का.

अक्काची ऑर्डर काही आली नाही. जमलं नसेल तिला. तिच्यासाठी एक चांगला खण बाजूला काढून ठेवला आहे. पैशाचं नाव काढायचं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळ

नीट लिहितो. सकाळपासून लिहायचं टाळतोय.

अक्का दहाच्या सुमारास आली. शेजारची दैवशाला सोबत होती. काउंटरवर पिशवी ठेवली, पाणी मागितलं. मी आतून तो काढून ठेवलेला खण आणला, तिच्या हातात देत म्हटलं, घे, तुझी ओटी. तिने तो परत काउंटरवर ठेवला. म्हणाली, आणलाय मी.

मी पिशवीत बघितलं. हिरवा खण. लाल काठ. लाल दोरा. दुहेरी गाठ.

माझी गाठ.

आधी मला हसू आलं. म्हटलं, बघ, झालीच की ऑर्डर! मग आठवलं, हा मी शिवानंदला दिला होता.

विचारलं, अक्का, तू शिवानंदकडून घेतलास?

म्हणाली, आधी तुझ्याच दुकानात आल्ते रं. रोज. दुपारचं जेवण झालं की फोन घिऊन बसायची. तुझं उदो उदो ऐकायची, शाखा न्हाय ते ऐकायची, संबळ ऐकायची. खण काय हाताला लागंना. देवी झोपली तवा जरा निवांत झालं, म्हटलं, आज घावतंय. सगळं घावलं बी. तर शेवटाला कवड्या वळख म्हणाला. मला रं, मल्ल्या. कवड्या वळख म्हणाला.

मी म्हणालो, मग सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं न्हवं? तू म्हणालास, आवाज मोठा कर.

विचारलं, 'माणसांच्या' तूच लिहिलंस? म्हणाली, मग काय लिहू? बंडप्पाच्या घरची लिहिलं असतं तर फुकट धाडलं असतंस. शिवानंदनं काय बी इचारलं न्हाय. खण, हिरवा, काठ लाल. च्या उकळस्तवर काम झालं माझं.

आणि गुरुजी? असं माझ्या तोंडून गेलं. म्हणाली, कुठलं गुरुजी?

शुभांगी आतून बघत होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संध्याकाळी विचारलं, मला बोलली का नाहीस, तर म्हणाली, वन्संनी शपथ घातली होती, आणि शपथ नसती तर तुम्ही ऐकलं असतं का?

रोज पाऊण तास, तास. मी त्याला रसिकता समजत होतो. ती बिचारी माझ्याच दुकानात खण शोधत चाचपडत होती, आणि मी तिच्यासाठी उदबत्तीची वाक्यं वाढवत होतो. लाज वाटली. अजून वाटतेय. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, मी खरंच तिच्यासाठी केलं असतं तर एकदा तिच्याशेजारी बसून ऐकलं असतं.

उठताना तिचा हात खुंटीवरच्या शालीला लागला. म्हणाली, ही सत्काराची व्हय? दोन बोटांत चुरगाळून बघितली. म्हणाली, पॉलिस्टर हाय.

दुकानातून उतरवायला मी तिला उताराकडे नेलं. त्यावर मोटरसायकल होती. पायऱ्यांवरूनच उतरली.

देवळात मीही गेलो. ओटी तिने भरली, मी नुसता मागे उभा होतो. तिने खणावरून एकदा हात फिरवला, काठ बोटाने शोधला आणि मग ठेवला. नजर गेल्यापासून तिचा चेहरा इतका खूश मी बघितला नव्हता. त्यात माझा वाटा एका गाठीपुरता. तीही कुणासाठी मारतोय हे माहीत नसताना.

६ ऑक्टोबर, रविवार

समर्थला बोलावून सगळं काढलं. संबळ, कोडं, गाव, घर, डोंगर. जाताना तो पहिल्यांदा चहाला थांबला.

आता असं आहे: "खण. हिरवा. काठ लाल. सुती." हे शिवानंदचंच आहे, पण याहून वेगळं काय लिहिणार?

पानाच्या अगदी तळाशी एकच ओळ ठेवली. आमची कोठेही शाखा नाही. एकदाच. तिथपर्यंत कुणी जात नाही. आप्पांची आठवण म्हणून.

दुपारी अक्काचा फोन. म्हणाली, बघितलं. खण लगेच घावला.

मी विचारलं, मग घेतलास का?

म्हणाली, ओटी वर्साला एकच असती रं. आता पुढल्या साली.

मग म्हणाली, तळाला तुझं एक ऱ्हायलंय बघ.

काढलं.